उरलेल्या नऊ सिगारेटी : ई-सिगारेटकडे वळण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या बाई ५२ वर्षांच्या. ओळख पटू नये म्हणून नाव दिलेलं नाही, काही तपशीलही बदलले आहेत. इथे त्यांना नुसतं बाई म्हणू. घरबसल्या मुद्रितशोधनाचं काम. घरात नवरा आणि कॉलेजला जाणारी मुलगी, दोघंही सिगारेट न ओढणारे. बाईंची सिगारेट विशीत लागली ती सुटली नाही. रोजच्या साधारण २२. त्यातली पहिली अंथरुणातून उठल्यावर पाच मिनिटांच्या आत, तोंडही न धुता.

निकोटीनचं अवलंबित्व मोजायला फागरस्ट्रॉम चाचणी वापरतात, शून्य ते दहा गुणांची. बाईंचे गुण आठ. त्यात सगळ्यात जड प्रश्न दोनच : दिवसाला किती, आणि उठल्यावर पहिली किती वेळात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘पाच मिनिटांत’ असेल तर समोरच्या माणसाला निव्वळ निश्चयाचे सल्ले देऊ नयेत, असं माझं मत आहे. रात्रभरात रक्तातलं निकोटीन बरंचसं उतरलेलं असतं, आणि जाग येते ती त्या उतरलेल्या पातळीलाच.

सोडायचे प्रयत्न आधी झाले होते. निकोटीनचा गम त्या साध्या च्युइंगगमसारखा सलग चघळत. त्याने निकोटीन लाळेतून पोटात जातं, उचक्या लागतात, तलफ तशीच राहते. (थोडा चघळून गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चघळायचा, ही रीत त्यांना कुणी सांगितली नव्हती.) व्हॅरेनिक्लिनच्या (सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या औषधाच्या) गोळ्या रिकाम्या पोटी घेतल्या, मळमळ सुरू झाली, दुसऱ्या आठवड्यात बंद केल्या. एकदा काहीही न घेता अकरा दिवस काढले.

अडचण

जिना चढताना छातीत दाबल्यासारखं व्हायला लागलं, म्हणून तपासण्या झाल्या. हृदयाच्या एका रक्तवाहिनीत अरुंदपणा निघाला. डॉक्टरांनी औषधं सुरू केली आणि सिगारेट बंद करायला सांगितलं. त्या घाबरल्या, आणि त्याच आठवड्यात त्यांनी स्वतःहून ई-सिगारेट आणली.

तीन महिन्यांनी त्या सिगारेट सोडवणाऱ्या आमच्या केंद्रात आल्या त्या जरा विजयी सुरातच. बावीसवरून नऊवर आले, म्हणाल्या. नऊ सिगारेटी आणि दिवसभर वेप, म्हणजे ई-सिगारेट. त्यांच्या हिशेबाने धोका निम्म्याहून खाली आला होता. उरलेल्या नऊही हळूहळू जातील, अशी त्यांची खात्री होती.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं एक छोटं यंत्र असतं. त्यात फुंकल्यावर आकडा आला १७. न ओढणाऱ्याचा साधारणपणे सहाच्या आत असतो. बाई यंत्राकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहत राहिल्या.

हिशेब दोन ठिकाणी चुकत होता. एक म्हणजे, सिगारेटी कमी केल्या की माणूस नकळत उरलेल्या जास्त खोल आणि शेवटपर्यंत ओढतो. शरीराला ठरावीक निकोटीन हवं असतं, ते नगांची मोजदाद करत नाही. आणि दुसरं, हृदयाच्या बाबतीत हे प्रमाण सरळ चालतच नाही. २०१८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. रोज वीस ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जितका जादा धोका असतो, त्याच्या ४० ते ५० टक्के धोका रोज एकच ओढणाऱ्यालाही असतो, असं त्यात दिसलं. फुप्फुसाच्या कर्करोगात कमी ओढण्याचा फायदा बराच जास्त दिसतो. बाईंचा आजार मात्र हृदयाचा होता. त्यांच्यासाठी नऊ आणि बावीस यांतलं अंतर त्यांना वाटत होतं त्यापेक्षा फारच थोडं होतं.

थोडक्यात, त्या ई-सिगारेटकडे ‘वळल्या’ नव्हत्याच. त्यांनी सिगारेटला एक जोडीदार आणून दिला होता.

वेप पुरत का नव्हता?

त्यांनी उपकरण पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं तेव्हा बरंचसं कळलं. मोठ्या टँकचं, ढगासारखी वाफ सोडणारं यंत्र, आणि आत एक मिलिलिटरला तीन मिलिग्रॅम निकोटीन असलेलं लिक्विड. ‘निकोटीन वाईट, म्हणून सगळ्यात कमी घेतलं,’ असं त्यांचं कारण. ऐकायला अगदी रास्त, आणि अशा प्रकरणांत सगळ्यात जास्त भेटणारी गफलतही हीच.

सिगारेटमधून जीव जातो तो मुख्यतः जळण्यामुळे. तंबाखू जळताना डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि कर्करोग करणारी अनेक रसायनं तयार होतात. निकोटीन माणसाला बांधून ठेवतं. ते निर्धोक नाही, पण या नुकसानाचा मोठा वाटा त्याचा नाही. ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही. आतल्या तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल, तापते, प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनमध्ये विरघळवलेलं निकोटीन वाफेसारखं बाहेर येतं. कार्बन मोनॉक्साइड जवळपास नसतोच. म्हणजे सुरुवातीला निकोटीनवर काटकसर करणं हे उलट्या टोकाने सुरू करणं आहे. बाईंना दिवसभर ओढूनही पुरेसं मिळत नव्हतं, मोठ्या वाफेने खोकला येत होता, आणि सकाळी उठल्यावर हात जायचा तो पाकिटाकडेच. त्यांच्या नऊपैकी पाच सिगारेटी दुपारी बाराच्या आत संपत होत्या.

कोणते पर्याय समोर होते

एक, वेप बाजूला ठेवून पॅच (त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) आणि गम. हृदयविकार स्थिर असेल तर हे वापरता येतात आणि त्यांचा अनुभव अनेक दशकांचा आहे. माझी पहिली पसंती खरं तर इथेच होती.

दोन, व्हॅरेनिक्लिन पुन्हा, या वेळी जेवणानंतर आणि भरपूर पाण्यासोबत. मळमळीवर एवढं बहुधा पुरतं. बाईंनी ऐकूनही घेतलं नाही. ज्या गोळीने एकदा उलटीची भावना दिली ती पुन्हा घ्यायला माणूस तयार होत नाही, आणि तिथे पुराव्यांची चळत मांडून उपयोग नसतो.

तीन, वेप ठेवायचा, पण नीट. योग्य उपकरण, पुरेसं निकोटीन, आणि शेवटच्या सिगारेटची तारीख.

चार, आहे तसंच चालू ठेवून सिगारेटी हळूहळू कमी करत जायचं. बाईंच्या मनात हाच होता.

तिसऱ्याच्या बाजूने ठोस पुरावा आहे. २०१९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये इंग्लंडमधली एक चाचणी आली, ८८६ जणांची. निम्म्यांना पॅच-गमसारखी निकोटीनची उत्पादनं, निम्म्यांना ई-सिगारेट, आणि दोन्हीकडे समुपदेशन. वर्षाअखेर सिगारेटपासून लांब राहिलेले अनुक्रमे ९.९ टक्के आणि १८ टक्के. जवळपास दुप्पट. मात्र बातम्यांत सहसा न येणारा भाग असा की, यशस्वी झालेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटातले ८० टक्के वर्षानंतरही ई-सिगारेट ओढत होते. पॅच-गमच्या गटात आपलं उत्पादन अजून वापरणारे ९ टक्केच होते. हे दोन्ही आकडे मी बाईंना एकत्रच सांगितले. पहिला ऐकून त्या खुलल्या, दुसरा ऐकून नवरा म्हणाला, ‘म्हणजे एक जाऊन दुसरं बसणार.’

त्यांची मुलगीही एका भेटीला आली होती. तिची भीती वेगळी : २०१९ मध्ये अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना झालेल्या गंभीर इजांच्या बातम्या. त्या इजांचा तपास झाला तेव्हा बोट गेलं ते मुख्यतः गांजाच्या अर्काच्या वेपमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटकडे. पण तेवढ्याने निकोटीनचा वेप निरुपद्रवी ठरत नाही. हे उपकरण चीनमधल्या होन लिक या फार्मासिस्टने २००३ च्या सुमाराला आजच्या रूपात आणलं; चाळीस वर्षं ओढल्यावर काय होतं हे पाहायला तेवढी वर्षंच अजून झालेली नाहीत. ‘सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक’ हा इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये दिलेला आकडा खूप फिरतो. मी तो कुणाला सांगत नाही. सिगारेटपेक्षा बराच कमी घातक, न ओढण्यापेक्षा नक्कीच जास्त, एवढ्यावर थांबतो.

इथे कायद्याचा मुद्दा. हे प्रकरण जिथे ई-सिगारेटची विक्री नियमांखाली चालते आणि लिक्विडमध्ये मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन चालतं, अशा ठिकाणचं आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. बंदी असलेल्या ठिकाणी चोरट्या मार्गाने आलेल्या लिक्विडमध्ये काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे तिथे पहिले दोनच पर्याय उरतात.

काय ठरलं

बाईंना हातात काहीतरी हवं होतं आणि तोंडातून वाफ जायला हवी होती. पहिल्या पर्यायावर त्या ‘बघू’ म्हणाल्या, आणि असं ‘बघू’ सहसा नकाराचंच असतं. शेवटी पॅच आणि वेप असं एकत्र ठरलं. न्यूझीलंडमधल्या एका चाचणीत हीच जोडी तपासली आहे : सहा महिन्यांनी नुसत्या पॅचवाल्यांत २ टक्के, पॅच आणि बिननिकोटीनच्या वेपवाल्यांत ४, पॅच आणि निकोटीनच्या वेपवाल्यांत ७ टक्के लोक सिगारेटपासून सुटलेले होते. आकडे लहान आहेत. या कामात आकडे लहानच असतात.

हृदयाच्या डॉक्टरांशी बोलणं झालं. वेप त्यांना पसंत नव्हता. पण वेपसोबत नऊ सिगारेटी त्याहून नापसंत होत्या. त्यांनी होकार दिला, सिगारेट पूर्ण थांबण्याच्या अटीवर.

मोठा टँक गेला. त्याऐवजी सिगारेटसारखा आधी तोंडात ओढून मग आत घ्यायचा, छोटा पॉडवाला (लिक्विडची लहान कुपी बसवायचा) वेप आला. लिक्विड निकोटीन सॉल्टचं, म्हणजे क्षाररूपातल्या निकोटीनचं, २० मिलिग्रॅमचं. त्या रूपातलं निकोटीन घशाला कमी लागतं, त्यामुळे मात्रा जास्त असूनही खोकला कमी झाला. २१ मिलिग्रॅमचा चोवीस तासांचा पॅच रात्रीही ठेवायचा, म्हणजे सकाळी जाग येताना रक्त अगदी कोरडं नसेल. आणि दहा दिवसांनंतरची तारीख, जिच्यानंतर एकही सिगारेट नाही.

या तारखेवर आमची खरी झटापट झाली. बाई म्हणत होत्या, नऊवरून सहा, सहावरून तीन असं जाऊ. पण गेले सात आठवडे त्या नऊवरच होत्या. उतरता जिना म्हणून जो सांगितला जात होता तो सपाट झाला होता. मी त्यांना आठवडावार आकडे स्वतःच्या हाताने कागदावर मांडायला लावले. मुद्रितशोधकाची नजर, दोन मिनिटांत म्हणाल्या, ‘इथे तर एकच ओळ पुन्हा पुन्हा आलीय.’

पुढे काय झालं

ठरल्या दिवशी सिगारेट थांबली. पहिला आठवडा अपेक्षेपेक्षा सोपा गेला. यंत्रातला आकडा १७ वरून तीनवर. तो आकडा बाईंनी आपल्या टेबलासमोर चिकटवला.

दुसऱ्या आठवड्यात फोन आला : छाती धडधडते, हात थरथरतात, रात्री दोनपर्यंत झोप नाही. नवऱ्याचं निदान तयार होतं, निकोटीन जास्त होतंय. बाईंनी पॅच काढायची तयारी केली होती. हा सगळ्या प्रकरणातला सगळ्यात नाजूक क्षण, कारण त्या दिवशी पॅच निघाला असता तर दोन दिवसांत सिगारेट परत आली असती. हृदयाची रुग्ण असल्यामुळे आधी डॉक्टरांकडे पाठवलं. त्याच दिवशी ईसीजी झाला, नवं काही निघालं नाही. मग मी विचारलं, कॉफी किती? दिवसाला सहा कप, नेहमीसारख्याच.

तिथेच गाठ होती. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं एक एन्झाइम जोरात कामाला लावतात. तेच एन्झाइम कॅफीनचा निचरा करतं. म्हणून ओढणाऱ्याच्या शरीरातून कॉफी झपाट्याने बाहेर पडते. धूर बंद झाला की काही दिवसांत एन्झाइमचा वेग उतरतो, आणि तेवढ्याच कपांनी रक्तातलं कॅफीन दुपटीपर्यंत चढू शकतं. हे काम निकोटीनचं नसून धुराचं असल्यामुळे पॅच किंवा वेप चालू असला तरी हे घडतंच. मानसिक आजारांवरची क्लोझापिन, ओलान्झापिन आणि दम्यावरचं थिओफिलिन या औषधांचंही असंच होतं; ती घेणाऱ्याने सिगारेट सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं. बाईंनी कॉफी तीन कपांवर आणली, शेवटचा कप दुपारी. चार-पाच दिवसांत धडधड गेली. पॅच राहिला.

दोन महिन्यांनी पॅचच्या मात्रा पायरीपायरीने उतरवून तो थांबवला. वेपचं लिक्विड २० वरून १० वर आलं. आणि आता दुसरी अडचण दिसायला लागली.

सिगारेट आपोआप संपते. थोटूक उरतं, ते विझवावं लागतं, माणूस कामाला लागतो. वेपला असा शेवट नाही. बाई प्रुफं वाचताना एक हात त्यावरच ठेवायच्या, प्रत्येक परिच्छेदाला एक झुरका. किती ओढलं याचा हिशेबच नव्हता, कारण हिशेब ठेवायला नग नव्हता. म्हणून तो तयार केला : वेप टेबलावर नाही, बाल्कनीत. तिथे जायचं, दहा झुरके घ्यायचे, तो तिथेच चार्जिंगला लावून परत यायचं. पहिल्या आठवड्यात त्या वीसेक वेळा उठल्या. महिनाभरात आठ-नऊ वेळा. हा नियम मला कुठल्या मार्गदर्शिकेत सापडलेला नाही. बाईंच्या खुर्चीपासून बाल्कनी लांब होती, एवढंच त्याचं बळ.

पाचव्या महिन्यात, बरीचशी नवऱ्याच्या आग्रहामुळे, लिक्विड एकदम पाचवर आलं. सातव्या महिन्यात त्यांच्या आई आजारी पडल्या, रुग्णालयात मुक्काम. वेप घरी राहिला. बाहेर बाकावर बसलेल्या कुणाकडून तरी एक सिगारेट मागून घेतली. तीन दिवसांत सात झाल्या.

त्या भेटीत दोन मार्ग होते. पाचवरच राहून पुन्हा निश्चय करायचा, की लिक्विड परत दहावर न्यायचं. दुसरा निवडला. नवऱ्याला हे पटलं नाही. इतकी खाली आलेली पुन्हा वर कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं आहे, पण निकोटीनचा आकडा आणि सिगारेटचा आकडा एकाच पट्टीवर मोजायचे नाहीत. आई घरी येईपर्यंत दहा मिलिग्रॅम, आणि पिशवीत दोन मिलिग्रॅमचा गम, या वेळी नीट चघळण्याच्या सूचनेसह. सिगारेट तिथेच थांबली. पुढे दहावरून उतरायला चार महिने दिले, आधीसारखे दोन नाहीत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत आधी, त्या पहिल्या तीन महिन्यांबद्दल. हृदयाचं निदान झालं त्या दिवशी सिगारेट बंद करा हे सांगितलं गेलं, कशी हे सांगितलं गेलं नाही. त्या मोकळ्या जागेत बाईंनी स्वतः उपकरण निवडलं, आणि सगळ्यात कमी निकोटीनचं निवडलं. त्याच दिवशी चिठ्ठीत पॅच लिहिला गेला असता आणि केंद्राचा पत्ता दिला गेला असता, तर कदाचित वेप आलाच नसता.

लिक्विड पाचवर आणण्याची घाई टाळायला हवी होती. त्या वेळी बाईंना सिगारेटची आठवण आठवड्यातून दोन-तीनदा येत होती. ती नसताना उतरणं आणि ती असताना उतरणं, यात फरक आहे. घरच्यांना वाटणारी लाज हे मात्रा कमी करण्याचं कारण होऊ शकत नाही.

मुलीचा प्रश्नही उशिरा निघाला. तिने आईचा वेप एक-दोनदा ओढून पाहिला होता, हे तिनेच सांगितलं. सिगारेट सोडणाऱ्या पन्नाशीच्या बाईला जे फायद्याचं, ते कधीच न ओढलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला निव्वळ तोट्याचं. वेप आणि लिक्विड कुलुपात ठेवायचं हे पहिल्याच भेटीत ठरायला हवं. घरात लहान मूल असेल तर त्याहून जास्त. लिक्विडची बाटली पोटात गेली तर मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

पॅच आणि गमने हे सगळं साधलं असतं का? असतं, असं मला वाटतं, जर बाईंनी ते वापरले असते तर.

सध्या

तारखेला चौदा महिने झाले. रुग्णालयातल्या त्या सात सोडल्या तर सिगारेट नाही. यंत्रात दोन. जिना चढताना छाती दाबत नाही, अर्थात त्यात औषधांचा वाटा किती आणि सिगारेटचा किती हे वेगळं काढता येत नाही. वेप तीन मिलिग्रॅमवर आहे, फक्त संध्याकाळी. गंमत म्हणजे त्यांनी सुरुवात केली होती तीही तीनवरच.

हृदयाच्या डॉक्टरांना आता वेपही नको आहे, आणि त्यांचं बरोबर आहे. माझं म्हणणं, वेप थांबवायचा, पण आईच्या आजारपणाचा ताण ओसरल्यावर, आणि बदली गम हाताशी ठेवून. बाईंनी दोन्ही ऐकून घेतलं. संध्याकाळचा वेप जेवणानंतर ढकलायचं कबूल केलं आहे. शेवटच्या झुरक्याची तारीख मागितली तर पुढच्या भेटीत देते म्हणाल्या. ती भेट येत्या महिन्यात आहे.